बावीस गुंठ्यांतली शेड

डिंगोरे, ता. जुन्नर
६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
सावळेरामचा शि. सा. न. वि. वि.

आधी माझ्या हातांनी काय केलं ते लिहितो, मग बाकीचं.

हायवेलगतच्या त्या बावीस गुंठ्यांत तीस बाय वीसची शेड मी उभी केली. छपराच्या सहा लोखंडी कैच्या मीच कापल्या, मीच जोडल्या, सुतळी धरून बघ, एकही सूतभर इकडेतिकडे नाही. नटबोल्ट एक नाही, सगळं वेल्डिंग; वादळाला हलायची नाही. विहिरीवरची जाळी आणि आत उतरायची लोखंडी शिडी मी केली. रस्त्याकडचं दोन पाखांचं गेट मी केलं, ते एका बोटानं ढकललं तरी उघडतं आणि लावताना आवाज करत नाही. चारी बाजूंचे अँगल मी गाडले, तार मी ओढली. कांद्याची पात कापायचं यंत्र शेडमध्ये बसून मी माझ्या डोक्यानं बनवलं, ते बघायला पार नारायणगावाहून लोक येतात. नववी नापास माणसानं, कुणाच्या हाताखाली एक दिवस न राहता.

हे तुला का सांगतो? कारण तुझ्या आदेशनं मला फोनवर विचारलं, की मामांनी त्या जमिनीत असं केलंय तरी काय. मी जे केलंय ते त्याला सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं, हे खरं. त्या कार्ट्यानं ते रेकॉर्ड केलं आणि ‘धर्माजी परिवार’ ग्रुपवर टाकून दिलं! मंचरच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी माझं ओरडणं ऐकलं. खाली कुणीतरी हसणारी तोंडं टाकली. तेव्हापासून मी फोन घेत नाही. जे असेल ते कागदावर. कागद ओरडत नाही.

आता मुद्दा. बाबांनी मृत्युपत्रात मागचे दोन एकर मला दिले आणि हे हायवेचे बावीस गुंठे दादाच्या हर्षालीला. दादा-वहिनी माळशेज घाटात अपघातात गेले तेव्हा ती पोर दुसरीत होती, तेव्हापासून आमच्याकडे वाढली. बाबा गेले तेव्हा ती सतरा वर्षांची. म्हणून बाबांनी लिहून ठेवलं, की ती एकवीस पुरी होईपर्यंत सावळेरामनं विश्वस्त म्हणून जमीन सांभाळावी, आणि विकायचीच झाली तर फक्त तिच्या भल्यासाठी विकावी. ओतूरच्या पोपटलालशेठांची साक्षीदार म्हणून सही आहे. हे तुलाही माहीत आहे, आदेशलाही आहे.

तरी आदेशनं कुणीतरी हॉटेलवाला आणलाय. गुंठ्याला तीन लाख, म्हणजे सगळे मिळून सहासष्ट लाख. आमच्या शेजारच्यानं गेल्या दिवाळीत पाचनं विकली. आदेशला मंचरात जमिनीच्या दलालीचं ऑफिस थाटायला कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण त्याची दलाली माझ्या पुतणीच्या जमिनीतून निघणार नाही. मी नाही म्हटलंय. ते नाहीच राहील.

दाजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा असू दे, पण पोराला आवर.

तुझा,
सावळेराम


डिंभे, ता. आंबेगाव
१७ जानेवारी २०२५

चि. सावळेराम यास इंद्रायणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षराला अजून तेवढाच ताठा हाय तुझ्या. लई वर्सांनी कुणाचं पत्र आलं म्हणून पोस्टमननं चहा मागितला, तो पाजला.

इकडं सगळं ठीक. धरणाचं पाणी खाली चाललंय, तुझ्या दाजींना होडी चिखलातून ओढावी लागती, कंबर धरून बसत्यात. घोडेगावची एसटी आली तर आली. न्हाईतर आमी रस्त्यावर वाट बघत बसायचं आन् एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायची.

आदेशनं ते फोनचं केलं ते वाईटच केलं. मी त्याचा कान धरला, पस्तीस वर्साचा असला तरी धरला. पण सावळ्या, तूही काय बोलायचं ठेवलं न्हाईस. दलाल, भुरटा, आणि ते मधलं एक तर मी दाजींना ऐकूसुद्धा दिलं न्हाई. भाच्याला असं बोलत्यात?

आता तू एवढी यादी लिहिलीस तर मीपण लिहिते. बाबांनी मला काय दिलं? आईची पुतळ्यांची माळ, ती लग्नातच दिलेली. मृत्युपत्रात माझं नाव शोधलं, मिळालं न्हाई. तरी तू म्हणालास म्हणून तलाठ्याफुडं हरकत न्हाई अशी सही करून दिली. तू मला ओतूरच्या स्टँडवर भेळ खाऊ घातलीस आन् एसटीत बसवून दिलंस. खिडकीतून तू हात केलास, मी केला. संपलं. मी कधी त्याचा उच्चार केला का? आज केला, कारण तू मला कायदा शिकवायला निघालास.

मग मलाही एक शिकव. जागा हर्षालीची. मग तिच्यात शेड कुणाची? गिऱ्हाईक कुणाचं येतं, हायवेवरनं गाडी आत कुणाकडं वळती? दीड वर्स झालं, तिला भाडं किती देतोस? बोल. ती जागा विकली तर तुझं दुकान उठतंय, म्हणून तुला विकायची न्हाई. पाच लाख न् तीन लाख हे सगळं वरवरचं. बाबांनी तुला राखण बसवलं आन् तू तिथं दुकान मांडलंस.

राग येईल. येऊ दे. थोरली हाय म्हणून लिहिलं, दुसरं कुणी तुझ्यासमोर बोलायला धजत न्हाई. हर्षालीलाही मी लिहिलंय.

पोरीबाळींना आशीर्वाद. माया कमी करू नको, भांडण हवं तेवढं कर.

तुझी अक्का,
इंद्रायणी


डिंगोरे
२६ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, म्हणजे चुकून सौम्य वाटायला नको.

दुकान मांडलं म्हणतेस! त्या जागेत गुडघाभर घाणेरी माजली होती तेव्हा कुणी आलं नाही ती काढायला. विहिरीत शेजाऱ्याचं वासरू पडलं तेव्हा जाळी कुणी केली? हर्षालीकडून मी मजुरी मागितली का? कुंपणाचं लोखंड कुठून आलं हे तिला ठाऊक तरी आहे का? आणि आता तू मला भाडं विचारतेस. अक्का, जन्मात मला कुणी भाडेकरू म्हणालं नव्हतं.

तुझं ते पत्र खिशात घालून मी सरळ ओतूरला पारसच्या दुकानात गेलो. पोपटलालशेठांचा मुलगा, बाबांच्या कागदावर शेठांचीच सही, माझं सगळं लोखंड त्यांच्याकडून येतं. म्हटलं, हा माणूस सांगेल की सावळेराम बरोबर आहे. पारसनं पत्र वाचलं, घडी घातली आणि गल्ल्याजवळ बसलेल्या आईकडं दिलं. पानबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. तुझं भेळेचं वाक्य वाचून हसल्या, हेही सांगून ठेवतो.

मग म्हणाल्या, की आमच्या देरासराचा ओटा लांबरुंद आहे, उन्हाचा आहे, दुकानाला लागून आहे. सासऱ्यांच्या हातात त्या मंदिराचा कारभार तीस वर्षं होता. गावातल्या कुणीही तिथं मिरच्या वाळत घातल्या तर ते गोड बोलून उठवायचे. पण आपल्या घरचं पापडाचं एक सूपसुद्धा त्यांनी त्या ओट्यावर ठेवू दिलं नाही. एकदा पानबाईंनी नवी सून असताना ठेवलं, तर सासऱ्यांनी सगळे पापड मोलकरणीला देऊन टाकले आणि मंदिराच्या पेटीत उन्हाचे म्हणून पैसे टाकले. उन्हाचे! देवाच्या जागेचं ऊनसुद्धा कारभाऱ्यानं वापरायचं नाही, दुसऱ्यानं वापरलं तर चालेल एक वेळ, अशी त्यांची रीत. हे सांगून बाईंनी मला विचारलं की भाऊ, चहा घेणार का.

मी चहा न घेता आलो. पारस पायऱ्यांपर्यंत मागे आला, म्हणाला आईचं मनावर घेऊ नका. मनावर घेऊ नका! मग काय करू त्याचं, वाळत घालू?

तुमच्यापैकी कुणालाही मी उत्तर देणं लागत नाही. हर्षालीला तू लिहायला नको होतंस. ती पोर परीक्षेला बसली आहे.

लोभ वगैरे नंतर बघू.

सावळेराम


पुणे, नर्सिंग कॉलेजचं वसतिगृह
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप तात्यांस,
हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

माझी प्रॅक्टिकलं चालू आहेत. सध्या हाडांच्या वॉर्डात ड्युटी आहे. काल एका आजोबांचं प्लास्टर कापलं तेव्हा तुमची आठवण आली, कारण त्यांनी मला कापायची मशीन कशी धरायची ते शिकवलं. ते पण वेल्डर निघाले. काकूंनी पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत संपवले.

इंद्रायणीआत्याचं पत्र आलं होतं. आदेशदादाचाही फोन येऊन गेला. तो म्हणाला की तात्या माझ्या जमिनीवर बसलेत. मी त्याला म्हटलं की मग काय झालं, मी पण त्यांच्या खांद्यावर बसले होते. त्यावर त्यानं फोन ठेवला.

तात्या, मला जमिनीतलं काही कळत नाही. शाळेची फी, कॉलेजची फी, माझा पडलेला दातसुद्धा तुम्हीच बसवून आणलात. मी एक ठरवलं आहे. बावीस गुंठे मी तुमच्या नावे करून देते. मी अठरा पूर्ण आहे, मैत्रिणीचे वडील वकील आहेत, ते म्हणाले मृत्युपत्राचं काय ते बघून कागद करता येईल. तुम्ही म्हणाल त्या दिवशी जुन्नरला येऊन सही करते. मग विका नाहीतर शेड वाढवा, कुणी काही बोलणार नाही. फक्त तुम्ही आणि आत्या भांडू नका. ग्रुपवर ते ऐकलं तेव्हा मी वॉर्डात होते, हातात इंजेक्शन होतं.

नारळी पौर्णिमेला तुम्ही दोघं एका ताटात जेवता ते मला दरवर्षी बघायचं आहे.

काकूंना नमस्कार. माझ्यावर आहे तशीच सावली राहू द्या.

तुमची,
हर्षाली


डिंगोरे
१० फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी पत्र्यावर हातोडी आपटली. पत्रा वाकला. तो सरळ करून मग लिहायला बसलो.

सही करून देते म्हणे! कुणाला? मला? तुझी राखण करायला ज्याला बसवला त्यालाच राखलेलं देऊन टाकायचं? आणि का, तर त्यानं फी भरली म्हणून. तू तुझ्या वॉर्डात असा कागद घेशील का एखाद्या म्हाताऱ्याकडून, औषध पाजलं म्हणून? मला नको तुझी सही. परत असं लिहिलंस तर घरात पाऊल टाकू देणार नाही, काकूला सांगून ठेवलंय. तिनं माझं ऐकलं नाही, ते वेगळं.

आणि फीचं नाव काढू नकोस. ती मी दादाच्या पोरीची भरली. ती जमिनीच्या बदल्यात भरली असं कुणी समजायचं असेल तर आदेशनं समजावं, तू नाही.

आता ऐक, पाठ कर. बाबांनी तुला एकवीस वर्षांची मुदत का घातली? कारण त्यांना माहीत होतं की आमच्या घरात वाढलेली पोर आम्हाला नाही म्हणू शकणार नाही. तुझ्या या पत्रानं ते सिद्धच केलं. पुढच्या वर्षी ऑगस्टात तुला एकवीस पुरी होतील. तेव्हा माझ्यासमोर उभी राहा, माझ्या तोंडावर मला नाही म्हण, आणि मग जमिनीचं काय करायचं ते ठरव. नाही म्हणायची सवय आतापासून कर. वॉर्डातल्या डॉक्टरांपासून सुरुवात केलीस तरी चालेल.

जाळी, शिडी, गेट, कुंपण हे जमिनीचं आहे, म्हणून तुझं. त्याची मजुरी नाही. शेड माझी, ती राहणार नाही. एकोणीस महिन्यांचं भाडं हायवेच्या दरानं तुझ्या खात्यात भरलंय. पारसनं दर सांगितला, मी त्यात घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

कापायची मशीन दोन्ही हातांनी धरायची असते, हे त्या आजोबांनी सांगितलं ना? एका हातानं उतमात करू नको. अभ्यास कर.

आशीर्वाद आहेतच, ते राग उतरायची वाट बघत नाहीत.

तात्या


डिंभे
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सावळेराम यास आशीर्वाद.

डिंगोऱ्याची भाजीवाली घोडेगावच्या बाजारात भेटली. म्हणाली तुमचा भाऊ डोक्यावर पडला, हायवेची शेड स्वताच्या हातानं कापतोय, ठिणग्या रस्त्यापर्यंत उडत्यात, लोकं गाड्या थांबवून बघत्यात. मला खरं वाटंना. मग हर्षालीचा फोन आला, ती रडत व्हती आन् हसत व्हती, दोन्ही.

अरे, मी भाडं दे म्हणाले व्हते. पाड म्हणाले न्हवते! तुझं सगळंच असं, लहानपणी चड्डीला ठिगळ लावलं म्हणून चड्डीच पेटवून दिली व्हतीस. आता मागच्या रानात, ओढ्यापल्याड, तुझ्याकडं कोण येणार? तिथं बैल जायला मागत न्हाई, गिऱ्हाईक कुठलं? पोटाचं काय करणारेस?

मला वाईट वाटलं. माझ्या पत्रानं झालं म्हणून जास्त वाटलं. पण अजून एक गोष्ट हाय, ती मला खायला उठलीया.

आदेश घरी आला व्हता. मी त्याला म्हणाले, बघ मामानं काय केलं, आता तरी त्याची माफी माग. तर तो म्हणतो, मामा एवढे सरळ न्हाईत, मामांनी हॉटेलवाल्याकडं स्वतासाठी आतून जादा मागितले, ते मिळाले न्हाईत म्हणून सौदा मोडला. किती मागितले ते सांगत न्हाई. जेवण अर्धं टाकून उठून गेला.

सावळ्या, मी तुला शेडवरनं वाट्टेल ते बोलले, पण हे मला पटत न्हाई. तरी पोटचा पोरगा सांगतोय. दोघांतला एक माझ्याशी खोटं बोलतोय. कोण, ते सांग. मला धाकटं समजून गप बसवू नको.

उत्तर लवकर दे. माझा जीव तिकडंच हाय, तो परत पाठव.

तुझी अक्का


डिंगोरे
२ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

चड्डी पेटवली नव्हती, चुलीजवळ वाळत घातली होती. बाकीचं तुझं बरोबर आहे.

शेड कापायला सोपी नव्हती. नटबोल्टची असती तर पाने लावून उघडता आली असती. माझं वेल्डिंग, त्यामुळे प्रत्येक जोड गॅसनं तोडावा लागला, आणि तोडताना स्वतःलाच शिव्या घालायची वेळ आली. सहापैकी चार कैच्या धड निघाल्या. त्या मागच्या रानात उभ्या केल्या. शेड आता वीस बाय वीस आहे. गिऱ्हाईक रस्त्यावर गाडी लावून ओढा ओलांडून चालत येतं. निम्मं येत नाही. ओढ्यावर दोन अँगल टाकून साकव करतोय. तो झाला की ज्याला चांगलं काम हवंय तो येईल, ज्याला हायवे हवा तो हायवेनं जाईल.

काल तिकडून जाताना पानबाई रिक्षातून उतरल्या, मोकळी जागा बघितली आणि परत रिक्षात बसल्या. पारसकडून चहाची पुडी पाठवली. आम्ही ती पितोय.

आता आदेशचं. हे मी लिहिणार नव्हतो. पहिल्या पत्रातसुद्धा लिहिलं नाही, कारण तू त्याची आई आहेस. शिव्या मला फोनवर का सुचल्या, हेही त्यामुळेच तुला कळलं नाही. पण तो तुझ्या ताटावर बसून मला चोर ठरवतो, तर मग ऐकून घे.

डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आदेश त्या हॉटेलवाल्याला घेऊन शेडमध्ये आला. त्या माणसानं जमिनीकडं बघितलंसुद्धा नाही. तो वर बघत राहिला. कैच्यांवरून नजर फिरवली, जोडावरून बोट फिरवलं, म्हणाला की पुण्यातल्या इंजिनियरलासुद्धा अशी रेघ मारता येत नाही. पात कापायचं यंत्र चालवून दाखवायला लावलं. अक्का, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बावन्न वर्षांत कुणी माझ्या कामाकडं मान वर करून बघितलं नव्हतं.

मग तो अँगलच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, की पोरीच्या जमिनीचा भाव तीन लाखांवर धरू, तो कागदावर. आणि शेडचा सौदा वेगळा, तुमच्या नावानं, तुमच्या हाताच्या कलेची किंमत म्हणून, आणि ती किंमत मी माझ्या मनानं देणार. आकडा त्यानं सांगितला. मी त्याला विचारलं, भाव पाचचा असताना पोरीचे चव्वेचाळीस लाख कुठं गेले. तो हसला आणि म्हणाला की त्यातलेच काही तर शेडवर चढवलेत. आदेश शेजारी हे सगळं ऐकत उभा होता. तो बाहेर गेला नाही.

मी जादा मागितले नाहीत. मला ते न मागता देत होते, माझं कौतुक करून देत होते. दोघांना गेटच्या बाहेर काढलं. त्यानंतर आदेशचा तो फोन आला, की मामांनी त्या जमिनीत केलंय तरी काय. आता तुला कळेल मी का ओरडलो. ते मधलं एक वाक्य तू दाजींना ऐकू दिलं नाहीस, ते ऐकू दे.

त्याला मारू नकोस. घरातून काढू नकोस. माझ्यासमोर आणून उभा कर, एवढंच. मला त्याच्या तोंडाकडं बघायचंय.

आणि तुझ्या सहीचं. भेळ एका बहिणीला खाऊ घालायची गोष्ट आहे, सहीच्या बदल्यात द्यायची नाही, हे मला पत्रात लिहिता येत नाही. तू ये. मागच्या रानाची मोजणी एकोणीस मार्चला आहे. मोजणीवाल्यासमोर बांधावर उभं राहून बोलू. एसटी नाही मिळाली तर दाजींना म्हणावं होडी रस्त्यावरून चालवा, पण ये.

तुझा राग मला लागतो, म्हणजे तू अजून माझी आहेस. तो तसाच असू दे, आणि त्याच्या खाली जे आहे तेही.

तुझा धाकटा,
सावळेराम

ता. क. आदेश आकडा सांगत नाही म्हणालीस, तो मी सांगतो. लोखंड, पत्रा, सिमेंट आणि माझी मजुरी धरून त्या शेडला एक लाख ब्याऐंशी हजार लागले होते. तो माणूस तिचे मला पंचवीस लाख देत होता. मी नाही म्हणालो.